आंब्वाज : एका खडकावरचे पाहुणे आणि कैदी

रेल्वेने आंब्वाजला जाणारा प्रवासी गावात उतरत नाही, गावासमोर उतरतो. स्थानक ल्वार नदीच्या उत्तर काठावर आहे आणि जुने गाव दक्षिण काठावर. मधे नदीचे रुंद पात्र, आणि त्या पात्राच्याही मधे एक लांबट बेट. त्यामुळे पूल दोन तुकड्यांत ओलांडावा लागतो : आधी नदीचा एक फाटा, मग बेट, मग दुसरा फाटा. वीस-पंचवीस मिनिटांची ही चाल टॅक्सीने टाळू नये. पुलाच्या दुसऱ्या भागावर पाऊल ठेवताच समोर पांढुरक्या दगडाची उंच तटबंदी, तिच्या कडेला एक अजस्र गोल बुरूज, वर राजवाड्याच्या निळसर-काळ्या पाटीच्या दगडाची उतरती छपरे आणि खाली, तटाला टेकून बसलेली गावातली घरे, असे सारे चित्र एकाच दृष्टिक्षेपात उलगडते. या गावाचा हजार-दीड हजार वर्षांचा इतिहास समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही. कारण तो नदी, बेट आणि खडक या तीन गोष्टींनीच घडवला आहे.

आंब्वाज हे पॅरिसच्या नैर्ऋत्येला सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवरचे, तूर या शहरापासून पंचवीस किलोमीटरवरचे, बारा-तेरा हजार वस्तीचे गाव. आपल्याकडे त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. ज्यांना ते ठाऊक असते त्यांना लिओनार्दो दा व्हिंचीमुळे. 'मोनालिसा'चा हा चित्रकार आयुष्याच्या अखेरीस फ्रान्सच्या राजाचा पाहुणा म्हणून येथे आला, येथेच वारला आणि येथेच त्याची कबर आहे. मात्र लिओनार्दोनंतर तीनशे तीस वर्षांनी याच खडकावर आणखी एक परदेशी माणूस आणला गेला. तोही विद्वान होता, त्याच्याही नावाचा दबदबा होता. पण तो पाहुणा नव्हता, कैदी होता. अल्जीरियाचा अमीर अब्देल कादर याने दिलेल्या शब्दावर विश्वास ठेवून तलवार खाली ठेवली, आणि तो शब्द मोडून त्याला येथे चार वर्षे डांबण्यात आले. एकाच किल्ल्याने एकाला सन्मानाने आसरा दिला आणि दुसऱ्याला कैद केले. आंब्वाज पाहायचे तर या दोघांनाही भेटून यावे लागते.

नदी, बेट आणि खडक

ल्वार ही फ्रान्समधली सर्वांत लांब नदी. आग्नेयेकडच्या डोंगराळ भागात उगम पावून, उत्तरेकडे आणि मग पश्चिमेकडे वळत सुमारे एक हजार किलोमीटरचा प्रवास करून ती अटलांटिक महासागराला मिळते. तिच्या स्वभावाचे वर्णन 'लहरी' या एकाच शब्दात करता येईल. उन्हाळ्यात तिचे पाणी इतके ओसरते की पात्रात वाळूचे पिवळसर पट्टे उघडे पडतात आणि त्यांवर पाणपक्षी अंडी घालतात. मात्र डोंगरातला जोरदार पाऊस आणि महासागराकडून येणारा पाऊस एकाच वेळी कोसळला की हीच नदी भयंकर रूप धारण करते. अशा नदीला ओलांडण्याच्या सोयीच्या जागा थोड्याच असतात. आंब्वाजजवळ मधोमध बेट असल्याने पात्राचे दोन भाग होतात आणि प्रत्येक भाग स्वतंत्रपणे ओलांडता येतो. शिवाय दक्षिणेकडून येणारी आमास नावाची छोटी नदी येथेच ल्वारला मिळते. या दोन नद्यांच्या बेचक्यात चुनखडीच्या पठाराचे एक टोक पाण्यापासून सुमारे चाळीस मीटर उंचीवर पुढे आले आहे. ज्याच्या ताब्यात हा खडक, त्याच्या ताब्यात नदीचा उतार, आणि ज्याच्या ताब्यात उतार, त्याला जकात आणि वाटेवरची सत्ता. गावाच्या जन्माचे गणित एवढे सरळ आहे.

रोमन येण्यापूर्वीपासून या पठारावर गॉल लोकांची तटबंद वसाहत होती. सहाव्या शतकातला इतिहासकार तूरचा ग्रेगरी याने लिहून ठेवले आहे, की फ्रँक लोकांचा राजा क्लोव्हिस आणि व्हिसिगॉथांचा राजा दुसरा अलारिक यांची भेट आंब्वाजजवळच्या ल्वारमधल्या एका बेटावर झाली. दोघांनी एकत्र जेवण घेतले, मैत्रीच्या आणाभाका घेतल्या. ही भेट साधारण इ. स. ५०४ ची मानतात. तेव्हा नदी ही दोन राज्यांची सीमा होती आणि बेट ही कोणाचीच भूमी नव्हती. ५०७ मध्ये क्लोव्हिसने लढाईत अलारिकला ठार मारले. दिलेला शब्द आणि त्याचे पुढे होणारे हाल ही कथा आंब्वाजच्या इतिहासात अशी अगदी सुरुवातीपासूनच आढळते. त्या बेटाला आज 'ईल दोर', म्हणजे 'सोन्याचे बेट' म्हणतात.

राजांचे घर

मध्ययुगात हा किल्ला आंब्वाज याच नावाच्या सरदार घराण्याकडे होता. त्या घराण्यातल्या एकाने राजाच्या कारभाऱ्याविरुद्ध कट केला आणि १४३४ मध्ये सातव्या चार्ल्सने किल्ला जप्त करून राजसत्तेला जोडला. तेथून शंभर-सव्वाशे वर्षे आंब्वाज हे फ्रान्सच्या राजांचे आवडते निवासस्थान राहिले. पॅरिस तेव्हा गजबजलेले, रोगराईचे आणि राजांना फारसे न मानवणारे शहर होते. ल्वारच्या खोऱ्यात मोकळी हवा, शिकारीसाठी रान आणि मालवाहतुकीसाठी नदी, असे सारेच होते. अकराव्या लुईने आपली राणी आणि मुले येथे ठेवली. त्याचा मुलगा आठवा चार्ल्स याचा जन्म १४७० मध्ये याच किल्ल्यात झाला.

या चार्ल्सने जन्मस्थळाचा कायापालट करायला घेतला. १४९४ मध्ये तो सैन्य घेऊन इटलीत उतरला. युद्धातून हाती टिकाऊ असे काही लागले नाही. पण तिकडचे प्रासाद आणि बागा पाहून तो भारावून गेला आणि परतताना इटालियन कारागीर, मूर्तिकार, माळी यांना बरोबर घेऊन आला. फ्रान्समधल्या प्रबोधनकालीन कलेच्या आरंभाचा एक धागा असा आंब्वाजच्या गच्चीवर सापडतो. पर्यटकांना आजही थक्क करणारे दोन प्रचंड बुरूज त्याच्याच काळात सुरू झाले. त्यांच्या आत पायऱ्या नाहीत, तर चक्राकार चढत जाणारा रुंद रस्ता आहे. नदीकाठच्या गल्लीतून घोडेस्वार आणि गाड्या थेट वरच्या अंगणात नेता याव्यात, ही त्यामागची योजना.

पण हे वैभव पुरे झालेले पाहणे चार्ल्सच्या नशिबात नव्हते. ७ एप्रिल १४९८ रोजी खंदकात चाललेला चेंडूचा खेळ पाहायला जाताना एका बुटक्या दाराच्या चौकटीवर त्याचे डोके आपटले. काही तास त्याने बोलत-चालत खेळ पाहिला, मग तो कोसळला आणि त्याच जुन्या, गलिच्छ गॅलरीत, गवताच्या बिछान्यावर त्याने प्राण सोडला. वय अवघे सत्तावीस. समकालीन इतिहासलेखक फिलिप द कोमीन याने हा प्रसंग टिपून ठेवला आहे. एवढे मोठे महाल बांधायला काढणाऱ्या राजाला मृत्यू मात्र किल्ल्यातल्या सर्वांत अमंगळ जागी आला, हे त्याच्या नजरेतून सुटलेले नाही.

म्हातारा पाहुणा

चार्ल्सला वारस नव्हता. राज्य बाराव्या लुईकडे गेले आणि पुढे १५१५ मध्ये पहिल्या फ्रान्स्वाकडे. फ्रान्स्वाचे बालपण आंब्वाजमध्येच गेले होते. गादीवर बसला तेव्हा तो वीस वर्षांचा होता, आणि राज्यारोहणाच्याच वर्षी त्याने इटलीत जाऊन मिलान जिंकले. पुढच्या वर्षी, १५१६ मध्ये, त्याच्या निमंत्रणावरून चौसष्ट वर्षांचा लिओनार्दो आल्प्स पर्वत ओलांडून आंब्वाजला आला. इटलीतला त्याचा आश्रयदाता नुकताच वारला होता आणि रोममध्ये त्याच्यापेक्षा तरुण असलेल्या मायकेलअँजेलो व राफाएल यांची चलती होती. म्हाताऱ्या चित्रकाराला मान हवा होता आणि तरुण राजाला गुरू.

राजाने त्याला किल्ल्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या आतला, लाल विटांचा आणि पांढऱ्या दगडाचा एक वाडा राहायला दिला. आज त्याला 'क्लो ल्यूसे' म्हणतात. वर वर्षासन ठरवून दिले आणि 'राजाचा पहिला चित्रकार, अभियंता आणि वास्तुकार' असा किताब दिला. बदल्यात ठराविक असे काहीच मागितले नाही, हे विशेष. लिओनार्दोने बरोबर तीन चित्रे आणली होती : 'मोनालिसा', 'सेंट जॉन द बॅप्टिस्ट' आणि 'व्हर्जिन, बाल येशू आणि सेंट अ‍ॅन'. ही तिन्ही आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. 'मोनालिसा' फ्रान्समध्ये कशी, असा प्रश्न अनेकांना पडतो. नेपोलियनने ती लुटून नेली, असा समजही बराच प्रचलित आहे. प्रत्यक्षात चित्रकारानेच ती येथे आणली आणि नंतर ती राजसंग्रहात गेली.

ऑक्टोबर १५१७ मध्ये एक इटालियन कार्डिनल लिओनार्दोला भेटायला आला. त्याचा सचिव अन्तोनिओ दे बेआतिस याने रोजनिशीत लिहून ठेवले, की या वृद्धाचे वय सत्तरीच्या पुढचे असावे आणि त्याच्या उजव्या हाताला लकव्यासारखे झाले आहे. खरे तर लिओनार्दो तेव्हा पासष्ट वर्षांचा होता; आजाराने तो वयापेक्षा थकलेला दिसत असावा. तरी डोके आणि डावा हात चालू होते. त्याने रोमोरांतँ या गावी राजासाठी नवे नगर आणि राजवाडा यांचे आराखडे काढले, ल्वारच्या खोऱ्यातल्या कालव्यांचा विचार केला आणि दरबाराच्या समारंभांसाठी देखावे रचले. जून १५१८ मध्ये त्याच्याच वाड्याच्या अंगणात निळ्या कापडाचे आकाश उभारून त्यावर ग्रहतारे मांडण्यात आले होते. रंगवलेली चित्रे टिकतात, असले देखावे दुसऱ्या दिवशी उतरतात. पण राजाला पाहुण्याकडून काय हवे होते, ते यातून कळते : त्याची सोबत आणि त्याचे बोलणे.

२ मे १५१९ रोजी लिओनार्दोचा मृत्यू झाला. राजाच्या बाहूंत त्याने प्राण सोडला अशी कथा वासारी या चरित्रकाराने सांगितली आणि अँग्र या चित्रकाराने १८१८ मध्ये ती रंगवलीही. राजा त्या दिवसांत बराच दूर होता असे मानून अनेक इतिहासकार ती स्वीकारत नाहीत. त्याला किल्ल्याच्या आवारातल्या सेंट फ्लोरेन्तँच्या चर्चमध्ये पुरण्यात आले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात त्या चर्चची दुर्दशा झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते पाडून टाकण्यात आले. १८६३ मध्ये आर्सेन उसे या लेखकाने केलेल्या उत्खननात काही हाडे व नावाची अर्धवट अक्षरे असलेले दगडाचे तुकडे सापडले. ती हाडे लिओनार्दोची 'असावीत' असे मानून तटाच्या कडेवरच्या सेंट ह्यूबर्टच्या चिमुकल्या चॅपेलमध्ये ती ठेवण्यात आली. आज पर्यटक ज्या कबरीसमोर स्तब्ध उभे राहतात, तिच्या खाली नेमके कोण आहे, याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. तेथे लिहिलेल्या मजकुरातही ही शंका लपवलेली नाही, हे गावाच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानायला हवे.

सज्जातले फास

लिओनार्दोच्या हयातीत, १५१८ मध्ये, याच किल्ल्यात लोरेन्झो दे मेदिची आणि एका फ्रेंच सरदारकन्येचे थाटामाटात लग्न झाले. त्यांची मुलगी कॅथरीन दे मेदिची. पुढे ती फ्रान्सची राणी आणि मग राजमाता झाली. मार्च १५६० मध्ये ती याच किल्ल्यात होती. पण या वेळी येथे उत्सव नव्हता. तिचा सोळा वर्षांचा मुलगा दुसरा फ्रान्स्वा नावापुरता राजा होता आणि खरी सत्ता कट्टर कॅथलिक असलेल्या गीझ घराण्याच्या हाती होती. राजाला त्यांच्या तावडीतून काढून आपल्या हाती घेण्याचा बेत काही प्रोटेस्टंट सरदारांनी आखला. बातमी फुटली. दरबार ब्ल्वाहून अधिक बळकट अशा आंब्वाजला हलवण्यात आला आणि आसपासच्या रानांतून येणाऱ्या बंडखोरांना टोळ्याटोळ्यांनी पकडण्यात आले.

त्यानंतरचे दिवस भीषण होते. शेकडो माणसांना मारण्यात आले. काहींचा शिरच्छेद झाला, काहींना पोत्यात घालून ल्वारमध्ये बुडवण्यात आले, काहींना किल्ल्याच्या दर्शनी भागावर फाशी देण्यात आले. कटाचा म्होरक्या ला रनोदी चकमकीत मारला गेला होता. त्याचे प्रेत पुलावर टांगण्यात आले. नदीकडे तोंड करून असलेला तो लोखंडी कठड्याचा सज्जा आज 'कटवाल्यांचा सज्जा' म्हणून दाखवतात. तेथून दिसणारा नदीचा देखावा अत्यंत सुंदर आहे, आणि म्हणूनच तेथे उभे राहताना अंगावर काटा येतो. त्या दिवसांत एक प्रोटेस्टंट गृहस्थ आठ वर्षांच्या मुलाला घेऊन या वाटेने जात होता. लटकलेली मस्तके दाखवून त्याने मुलाकडून सूडाची शपथ घेतली. तो मुलगा म्हणजे पुढे कवी आणि सेनानी म्हणून प्रसिद्धीस आलेला आग्रिपा दोबिन्ये.

१५६२ मध्ये फ्रान्समध्ये धर्मयुद्धे पेटली. पहिल्या युद्धाचा शेवट करणारे, प्रोटेस्टंटांना मर्यादित उपासनास्वातंत्र्य देणारे फर्मान मार्च १५६३ मध्ये निघाले तेही आंब्वाजमधूनच. ते फार काळ टिकले नाही. यानंतर दरबाराचे मन या किल्ल्यातून उडाले आणि हळूहळू त्याचा उपयोग तुरुंग म्हणून होऊ लागला. चौदाव्या लुईने पदच्युत केलेला अर्थमंत्री फूके याला १६६१ मध्ये काही दिवस येथे ठेवले होते. त्याच्यावर पहारा होता खऱ्याखुऱ्या दार्तान्याँचा. अलेक्झांडर द्यूमाच्या कादंबरीतून आपल्या ओळखीचा झालेला तो हाच!

मित्रांसाठी मनोरा

किल्ल्यापासून तीन किलोमीटरवर शांतलू येथे रानाच्या कडेला एक चमत्कारिक वास्तू उभी आहे : चिनी पद्धतीची, सात मजली, ४४ मीटर उंचीची दगडी पॅगोडा. ती बांधली शोआझल या सरदाराने. पंधराव्या लुईचा हा प्रमुख मंत्री. याच्याच काळात १७६३ चा पॅरिसचा तह झाला. या तहाने फ्रान्सला पाँडिचेरीसारखी ठाणी परत मिळाली, पण भारतात साम्राज्य उभारण्याचे फ्रेंचांचे स्वप्न त्याबरोबर संपले. १७७० मध्ये राजाची मर्जी फिरली आणि शोआझलला शांतलूच्या आपल्या हवेलीत जाऊन राहण्याचा हुकूम झाला. सत्ता गेलेल्या माणसाकडे कोणी फिरकत नाही, हा जगाचा अनुभव. येथे मात्र उलटे घडले. राजाची इतराजी पत्करून त्याचे मित्र त्याला भेटायला येत राहिले. त्या मित्रांच्या निष्ठेचे स्मारक म्हणून १७७५ ते १७७८ या काळात ही पॅगोडा उभी राहिली. हवेली १८२३ मध्ये पाडली गेली. पॅगोडा तेवढी उरली आहे, आणि अरुंद जिन्याने वर गेल्यास नदीचे खोरे दूरवर दिसते.

शब्दावर विसंबलेला कैदी

फ्रान्सने १८३० मध्ये अल्जीरियावर आक्रमण केले. त्याला सर्वांत कडवा प्रतिकार केला तो अब्देल कादर या तरुण अमीराने. १८०८ मध्ये सूफी परंपरेतल्या घराण्यात जन्मलेला हा माणूस मूळचा धर्मशास्त्राचा अभ्यासक. त्याने पंधरा वर्षे लढा दिला, स्वतःचे राज्य संघटित केले, आणि युद्धकैद्यांना माणुसकीने वागवण्याबद्दल शत्रूचीही वाहवा मिळवली. अखेर गावेच्या गावे बेचिराख होऊ लागली तेव्हा डिसेंबर १८४७ मध्ये त्याने शस्त्र खाली ठेवले. अट एकच : आपल्याला कुटुंब आणि सहकाऱ्यांसह अलेक्झांड्रिया किंवा अक्का येथे जाऊ द्यावे. जनरल लामोरिसियेर याने ती मान्य केली आणि अल्जीरियाचा गव्हर्नर असलेल्या दोमाल या राजपुत्रानेही तिला दुजोरा दिला.

पण जहाज पूर्वेकडे गेले नाही, फ्रान्समधल्या तूलाँ बंदराला लागले. दोनच महिन्यांत पॅरिसमध्ये क्रांती झाली, राजा लुई फिलिप पदच्युत झाला, आणि नव्या प्रजासत्ताकाने जुन्या राजवटीने दिलेला शब्द पाळायला नकार दिला. तूलाँहून पो आणि तेथून नोव्हेंबर १८४८ मध्ये आंब्वाज, असा अमीराचा कैदेतला प्रवास झाला. यातली विसंगती अशी, की आंब्वाजचा किल्ला हा लुई फिलिपच्या मालकीचा होता आणि अमीराला शब्द देणारा दोमाल हा त्याचाच मुलगा. शब्द देणाऱ्याच्या बापाचे घर त्या शब्दावर विसंबणाऱ्याचा तुरुंग झाले.

अमीराबरोबर बायका-मुले, नातलग, सेवक अशी सुमारे शंभर माणसे होती. आफ्रिकेच्या उन्हात वाढलेल्या या माणसांनी ल्वारकाठचे दमट, धुक्याचे हिवाळे या भिंतींआड काढले. पंचवीस जण परतलेच नाहीत. त्यांत स्त्रिया आणि लहान मुले होती. अमीर प्रार्थना, अध्ययन आणि भेटीला येणाऱ्यांशी चर्चा यांत दिवस घालवी. अल्जियर्सचा माजी बिशप द्युपुश याने त्याच्या भेटी घेतल्या आणि १८४९ मध्ये त्याच्या सुटकेची रदबदली करणारे पुस्तकच लिहिले. एका मुसलमान अमीरासाठी एका कॅथलिक धर्मगुरूने आपल्याच सरकारला दिलेल्या शब्दाची आठवण करून देणे, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. शेवटी १६ ऑक्टोबर १८५२ रोजी लुई नेपोलियन स्वतः किल्ल्यावर आला आणि त्याने अमीराला मुक्त केल्याचे सांगितले. काही आठवड्यांतच हा नेपोलियन सम्राट झाला.

अमीर आधी तुर्कस्तानात आणि १८५५ पासून दमास्कसमध्ये राहिला. १८६० च्या जुलैमध्ये तेथे ख्रिश्चनांची कत्तल सुरू झाली तेव्हा त्याने आपल्या माणसांना रस्त्यावर उतरवले, आपल्या घराचे दरवाजे उघडले आणि हजारो ख्रिश्चनांचे प्राण वाचवले. ज्यांनी आपल्याला दिलेला शब्द मोडला, त्यांच्या धर्मबांधवांना त्याने न मागता अभय दिले आणि ते पाळले. फ्रान्सने त्याला 'लेजियन ऑफ ऑनर'चा सर्वोच्च दर्जा दिला. १८८३ मध्ये तो दमास्कसलाच वारला.

नदीने दिले, रेल्वेने नेले

किल्ल्याखालचे गाव या सर्व काळात नदीवर जगत होते. सपाट तळाच्या, मोठ्या चौकोनी शिडाच्या होड्या मीठ, दारू, धान्य, पाटीचा दगड यांची ने-आण करीत. पश्चिमेच्या वाऱ्यावर त्या प्रवाहाविरुद्ध चढत आणि परतताना प्रवाहाबरोबर उतरत. १८४६ मध्ये ओर्लेआँ ते तूर रेल्वे सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत हा व्यापार आटला. त्याच वर्षी ल्वारला महापूर आला. १८५६ आणि १८६६ मध्येही आला. वीस वर्षांत तीनदा नदीने शेकडो वर्षे बांधत आणलेले मातीचे बांध फोडून खोरे बुडवले. ते बांध नंतर आणखी मजबूत करण्यात आले, आणि आजचे काठावरचे रस्ते त्यांवरूनच जातात. जून १९४० मध्ये जर्मन सैन्याच्या तोफमाऱ्यात किल्ल्याची हानी झाली. चॅपेलच्या आजच्या रंगीत काचा युद्धानंतर बसवलेल्या आहेत.

आज दिसतो तो राजवाडा प्रबोधनकाळातल्या मूळ वास्तूचा जेमतेम पाचवा हिस्सा आहे. बाकीचा देखभालीला पैसा नाही म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाडला गेला. म्हणूनच वर गेल्यावर प्रशस्त, मोकळी बाग लागते. तिच्या हिरवळीखाली नाहीशा झालेल्या इमारतींचे पाये आहेत. लूव्रसारखी गर्दी येथे नाही. सेंट ह्यूबर्टच्या चॅपेलच्या दारावरचे कोरीव काम मात्र निरखून पाहावे : शिंगांमध्ये क्रूस असलेले हरीण पाहून शिकारी ह्यूबर्ट गुडघे टेकतो, तो प्रसंग पांढऱ्या दगडात लेससारख्या नाजूकपणे कोरला आहे. हा 'तुफो' नावाचा दगड खाणीतून काढताना मऊ असतो. याच भागात तो मिळतो आणि ल्वारकाठची बहुतेक वाडे-राजवाडे त्याचेच आहेत. दगड काढून झाल्यावर उरलेल्या गुहांत माणसे राहू लागली. किल्ल्याकडून क्लो ल्यूसेकडे जाणाऱ्या रस्त्यावर कड्यात कोरलेली अशी घरे दिसतात. त्यांना दारे, खिडक्या आणि धुराडीही आहेत. इतर गुहांत वाइनची पिंपे ठेवतात.

क्लो ल्यूसे १९५४ पासून लोकांसाठी खुले आहे. लिओनार्दोच्या रेखाटनांवरून केलेल्या यंत्रांच्या प्रतिकृती तेथे पाहायला मिळतात. गावात पंधराव्या शतकातला घड्याळाचा मनोरा आहे, आठवड्यातून दोनदा नदीकाठी भरणारा बाजार आहे, आणि बेटावर गेल्यास किल्ल्याचे प्रतिबिंब पाण्यात पाहता येते. २००० साली युनेस्कोने ल्वारच्या खोऱ्याचा सुमारे २८० किलोमीटरचा पट्टा जागतिक वारसा म्हणून घोषित केला. त्यात आंब्वाज आहे. पॅरिसहून वेगवान गाडीने तूरजवळच्या सेंट पिएर दे कोर स्थानकापर्यंत सुमारे एका तासात जाता येते आणि तेथून पॅसेंजर गाडीने पाव तास-वीस मिनिटांत.

पंचवीस कबरी

बहुतेक पर्यटक चॅपेल, राजवाडा आणि बुरूज पाहून बाहेर पडतात. बागेच्या वरच्या, शांत कोपऱ्यात ज्यांची पावले वळतात त्यांना तेथे पंचवीस एकसारखे दगड दिसतात. कैदेत मरण पावलेल्या अमीराच्या माणसांसाठी अल्जीरियन कलावंत रशीद कोराइची याने २००५ मध्ये रचलेले हे 'पूर्वेचे उद्यान'. लिओनार्दोच्या संभाव्य कबरीपासून ते फार दूर नाही.

अल्जीरियाच्या स्वातंत्र्याला २०२२ मध्ये साठ वर्षे पूर्ण होत होती. त्या निमित्ताने गावात नदीकाठी अमीराची आकृती कोरलेले पत्र्याचे शिल्प उभारण्यात आले. ५ फेब्रुवारीला त्याचे अनावरण होते. त्याआधी काही तास कोणीतरी यंत्राने कापून ते विद्रूप केले. कार्यक्रम मात्र रद्द झाला नाही; ठरलेल्या वेळी, त्या फाटक्या शिल्पासमोर माणसे जमली आणि अनावरण झाले. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा मोडलेला शब्द फ्रान्समध्ये अजून जुना झालेला नाही, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले.

पाहुण्याचे कौतुक सांगणे कोणत्याही गावाला सोपे असते. त्याच्या नावाने उपाहारगृहे चालतात, चित्रे विकली जातात. आपल्या घरात डांबून ठेवलेल्या माणसाची आठवण ठेवणे अवघड असते, कारण त्यात स्वतःची चूक मान्य करावी लागते. आंब्वाजने हे अवघड काम हाती घेतले आहे, अजून पुरे केलेले नाही. म्हणून तेथे गेलात, तर चॅपेलमधून निघून थेट बाहेर पडू नका. बाग चढून वर जा, त्या पंचवीस दगडांपाशी थोडा वेळ थांबा आणि मग खाली वाहणाऱ्या ल्वारकडे पाहा. कैदेतल्या माणसांना या कठड्यावरून दिसत होती ती हीच नदी, आणि ती समुद्राकडे जात होती.